बिनकुंपणाच्या प्लॉटवर चपळ कुत्रा कसा सांभाळावा

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोडकडच्या नव्या प्लॉटिंगमध्ये घर आधी उभं राहतं, कंपाउंडचा नंबर वर्षा-दोन वर्षांनी लागतो. तोवर कुत्रा साखळीने खांबाला. कारवान जातीसारखा पळणारा असेल तर मांजर दिसताच झेपावतो आणि साखळी संपते तिथे मानेला हिसका बसतो. दिवसभर असं बांधलेलं जनावर भुंकत राहतं, खड्डे उकरतं, पुढे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर धावायला लागतं. शिवाय प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धच्या 1960 च्या कायद्यातलं कलम 11 सांगतं की, फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधणं आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं, हे दोन्ही गुन्हे आहेत.

जाळी मारेपर्यंतचा चांगला उपाय म्हणजे डोक्यावरून आडवा वायररोप आणि त्यावर पळणारी कप्पी. मात्र घरात कुणीतरी जागं असताना, एका वेळी तास-दोन तासच. घराला कुलूप लावून कुत्रा दोरावर सोडून जायचं नाही.

जागा आणि माप

50 फूट मोकळी सरळ रेघ शोधा. दोर जमिनीपासून 7 फुटांवर घ्या, म्हणजे माणसाच्या गळ्याला लागत नाही. कप्पीपासून कुत्र्यापर्यंतची दोरी 10 फूट धरली, तर कुत्रा रेघेच्या दोन्ही बाजूंना साधारण साडेआठ फूट जातो. म्हणून दोन्ही टोकांच्या खांबांपासून 10 फूट आत दोरावर एकेक यू क्लॅम्प अडसर म्हणून घट्ट करा. कप्पी त्याच्या पुढे जात नाही आणि कुत्रा खांबाभोवती गुंडाळला जात नाही. कप्पीची धाव 30 फुटांची उरते, पण कुत्र्याला सुमारे 47 फूट लांब आणि 17 फूट रुंद पट्टा मिळतो. या पट्ट्यात आणि त्याच्या बाहेर 3 फुटांपर्यंत, दोराच्या टोकांचे खांब किंवा झाडं सोडून, दुसरं झाड, मोटारसायकल, पाण्याचा हौद, पायरी, बांधकामाची सळई काही नको. पट्ट्याच्या टोकाला ओटा किंवा बुटकी भिंत असेल तर ती सगळ्यात घातक: कुत्रा पलीकडे उडी मारतो आणि लटकतो. रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला दोर बांधायचा नाही आणि विजेच्या तारांखालून न्यायचा नाही.

खांब

दोन्ही टोकांना फूटभर जाडीचे कडुनिंब असतील तर खांबांचा खर्च वाचतो. साल चिरू नये म्हणून खोडाला आधी पोतं आणि लाकडी पट्ट्या लावा आणि दर सहा महिन्यांनी फास सैल करून पुन्हा बांधा.

झाड नसेल तर 2 इंची जी.आय. पाईप, 10 फुटी, त्यातला 3 फूट जमिनीत. सोलापूरची काळी माती इथे डाव उलटवते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मातीतच उभा केलेला खांब वर्षभरात कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा, मग काँक्रीट भरा, आणि दोर चढवण्याआधी आठवडाभर त्यावर पाणी मारा.

तरीही पाईप एकट्याने टिकणार नाही. गणित करून बघा: 25 किलोच्या पळत्या कुत्र्याचा झटका 50 किलोचा धरला आणि त्या क्षणी 50 फुटी दोर मध्यभागी 2 फूट खाली आला, तर दोरात सुमारे 300 किलोचा ताण येतो. दोर इतका आवळला की तो सहाच इंच खाली येऊ शकेल, तर हाच ताण 1200 किलोच्या घरात जातो. म्हणून दोर वीणेच्या तारेसारखा ताणू नका. रिकामा असताना मध्यभागी फूटभर झोळ राहू द्या. प्रत्येक खांबाला मागच्या बाजूने 45 अंशांत ताण, म्हणजे खांब मागे ओढून धरणारी तार द्या. तिचा हुक दीड फूट लांब-रुंद आणि 2 फूट खोल काँक्रीटमध्ये गाडा. ही तार नसेल तर पाईप जमिनीलगत वाकतोच.

दोर आणि जोडणी

5 मिलिमीटरचा स्टीलचा वायररोप, एका टोकाला टर्नबकल (दोर आवळायचा-सैल करायचा पेच), दोन्ही फासांत थिंबल (फासाच्या आत बसणारी धातूची खोबण), आणि प्रत्येक टोकाला तीन यू क्लॅम्प, एकमेकांपासून सुमारे 3 सेंटिमीटरवर. क्लॅम्पचा खाचेचा जाड भाग ताण येणाऱ्या दोरावर आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर बसतो. बरेच फॅब्रिकेटर उलटं लावतात. दोर प्लास्टिकने मढवलेला असेल तर क्लॅम्पच्या जागी प्लास्टिक सोला, नाहीतर दोर सरकत सुटतो. पहिल्या आठवड्यानंतर सगळे नट पुन्हा पिळा.

कपडे वाळत घालायच्या दोरीची प्लास्टिकची कप्पी घेऊ नका. बेअरिंगची बंद कप्पी घ्या, जिच्यातून दोर निसटत नाही. तिच्या खाली फिरकीचा हुक, मग 10 फूट नायलॉनची दोरी. दोरीच्या मधल्या दीड फुटाला समांतर सायकलच्या ट्यूबचा दुपदरी तुकडा असा बांधा की, आधी ट्यूब ताणली जाईल आणि नंतर दोरी. झटका तिथेच मरतो. कुत्र्याच्या बाजूला पुन्हा फिरकीचा हुक. तो गळपट्ट्याला नाही, छातीच्या पट्ट्याला पाठीवर अडकवायचा. आवळणारी चोक साखळी दोरावर कधीही नको.

सामान निकामी होतं ते बहुतेक वेळा हुकापाशी. जस्ताचे स्वस्त हुक स्प्रिंग झिजून आपोआप उघडतात. महिन्यातून एकदा बोटाने दाबून बघा, ढिला वाटला तर बदला.

कुत्र्याला सवय

पहाटे सहाच्या सुमारास अर्धा तास पळवून, हुंगू देऊन आणा. ताकद साठलेला कुत्रा थेट दोरावर घालू नका. पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटं, तुम्ही शेजारी चालत. टोकाशी जाण्याआधी हाक मारून परत बोलवा आणि खाऊ द्या. अडसर कुठे आहे हे त्याला धडक न बसता कळलं पाहिजे.

एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा दोर बंद. पारा 42-43 ला टेकतो तेव्हा शहाबादी फरशीवर पंजे भाजतात आणि सकाळची सावली दुपारी दोराच्या पट्ट्याबाहेर गेलेली असते. जोरजोरात धापा, चिकट लाळ, लालबुंद हिरड्या, झोकांड्या दिसल्या की सावलीत नेऊन अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरांकडे न्या.

बांधलेल्या कुत्र्याला भटक्या टोळीपासून पळता येत नाही. माजावर आलेली मादी दोरावर सोडूच नका. दिवाळीत आणि जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री कुत्रा घरातच हवा. घाबरलेलं जनावर पट्ट्यातून अंग काढून निघतं. रेबीजची लस दरवर्षी.

पैसे जमले की जाळी

आख्खा प्लॉट जमत नसेल तर 20 बाय 10 फुटांचा वाडा करा. 60 फूट जाळी लागते. चेनलिंक 6 फुटी, खांब 8 फुटांवर. कारवान जातीला 5 फूट कमी पडतात. उकरणाऱ्या कुत्र्यासाठी जाळीच्या तळाशी आतल्या बाजूने 2 फूट जाळी जमिनीवर आडवी अंथरून वर मुरूम दाबा. जाळीशी उकरायला गेला की नखं तारेला लागतात आणि तो नाद सोडतो. शेडनेट कुंपण म्हणून चालत नाही, तो फाडतो. काटेरी तारेत कातडी फाटते. शेतात रानडुकरांसाठी लावतात ते झटका मशीन घराच्या कुत्र्याला लावू नका: शॉक बसला तरी जोरात असलेला कुत्रा पलीकडे निघून जातो आणि परत आत यायला भितो. फाटकाखाली 2 इंचांपेक्षा जास्त फट ठेवू नका आणि कडी बाहेरून लावा, तीही पिन असलेली.