गारपिटीचा अंदाज पाच दिवस आधी कसा बांधायचा

फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडकडे मृग बहाराचा संत्रा झाडावर असतो, हरभरा सोंगणीला आलेला असतो आणि गारा नेमक्या तेव्हाच येतात. त्या दिवशीही मोबाइलवरचं ॲप दोन मिलिमीटर पाऊस दाखवून मोकळं होतं, कारण हवामानाचं गणित करणारं संगणकी मॉडेल नकाशाच्या चौकटी पाडतं आणि गारांचा ढग त्या चौकटीपेक्षा लहान असतो. म्हणून पावसाचा आकडा सोडा. ढगाला काय काय लागतं, ते जुळतंय का तेवढं बघा.

पाच-सहा दिवस आधी ‘विंडी’ या हवामान-नकाशांच्या संकेतस्थळावर 500 हेक्टोपास्कल दाबाचा थर लावा (उंची पावणेसहा किलोमीटरच्या आसपास). पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणाऱ्या हवेच्या लाटा) हिवाळाभर येत राहतात; बहुतेक हिमालयावरून निघून जातात, त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण एखाद्या विक्षोभाची द्रोणी (वरच्या थरातला कमी दाबाचा लांबट पट्टा) राजस्थान-गुजरातवरून खाली 20 अंश अक्षांशापर्यंत उतरत असेल आणि नागपूर तिच्या पूर्वेला पडत असेल, तर मात्र कान टवकारा. अमेरिकेचं जीएफएस आणि युरोपियन, दोन्ही मॉडेलांत ती दिसायला हवी, तीही सलग तीन-चार धावांत (मॉडेल नव्याने चालवलं की एक धाव). एकाच धावेत दिसली आणि दुसऱ्या दिवशी गायब झाली, तर विसरून जा.

तीन दिवस आधी ओलावा बघा. बहुतेक अंदाज इथेच फसतात. बंगालच्या उपसागरावर प्रतिचक्रवात (जास्त दाबाचं क्षेत्र) बसला की 850 आणि 925 हेक्टोपास्कलच्या खालच्या थरांत वारा आग्नेयेकडून विदर्भात शिरतो. दुपारचा दवबिंदू (हवेतला ओलावा दाखवणारं तापमान) 15 अंशांच्या वर दिसला तर माल आला म्हणायचं. वारा वायव्येचाच राहिला, तर वर द्रोणी कितीही जोरदार असो, आभाळ भरून येतं, गडगडतं आणि कोरडंच निघून जातं.

मग एक साधी वजाबाकी. 700 हेक्टोपास्कलच्या तापमानातून 500 चं वजा करा. 700 ला 8 अंश आणि 500 ला उणे 11 असेल तर फरक 19. मधलं अंतर सुमारे 2.7 किलोमीटर, म्हणजे दर किलोमीटरला 7 अंश. एवढा उतार गारांना पुरतो. सोबत केप (हवेला वर ढकलणारी ऊर्जा) हजार ज्यूलच्या पुढे आणि 500 वरचा वारा 40 नॉट्सच्या (ताशी सुमारे 74 किलोमीटर) वर हवा. खाली आग्नेयेचा आणि वर पश्चिमेचा जोराचा वारा असला की ढग तिरका वाढतो. पाऊस चढत्या हवेवर पडून तिला दाबत नाही, ढग टिकतो, गार मोठी होते. केप भरपूर पण वरचा वारा मंद असेल, तर तास-अर्ध्या तासाची सर, फार तर बारीक गारा.

त्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ असेल तर धोका जास्त. पहाटेपासून ढगांचं झाकण असेल तर जमीन तापत नाही आणि रिमझिमीवर भागतं. वरच्या हवेचं तापमान-ओलावा मोजणाऱ्या पहाटे साडेपाचच्या फुग्याची नोंद हवामान खातं देतं. मॉडेलचा उतार आणि दवबिंदू तिच्याशी ताडून बघा.

दुपारनंतर नागपूरच्या डॉप्लर रडारवर अमरावती-वर्ध्याच्या दिशेला नजर ठेवा, कारण हे ढग बहुधा पश्चिमेकडून सरकतात. 55 डीबीझेडच्या (रडारकडे परतणाऱ्या लहरींच्या जोराचं माप) वरचा गाभा दिसला की गारा धरून चाला. रडारच्या अगदी डोक्यावरच्या ढगाचा वरचा भाग त्याला दिसत नाही, त्यामुळे शहरावरचं चित्र कमी लेखू नका.

गाव कोणतं, हे आदल्या दिवशीही सांगता येत नाही. जिल्हा आणि दुपार-संध्याकाळ एवढंच. सोंगलेल्या हरभऱ्याची गंजी लावून ताडपत्री बांधायला मात्र दोन दिवस आधीचा जिल्ह्याचा अंदाज पुरतो.