कमी नावाजलेली मल्टिटूल्स जमवताय? या चुका टाळा

मल्टिटूल म्हणजे पातं, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर अशी अनेक हत्यारं एकाच घडीत बसवलेलं साधन. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला असाच एक घडीचा चाकू मिळाला. पातं, कॅन ओपनर, स्क्रू-ड्रायव्हर आणि मागे बाटलीचं बूच काढायचा फिरकीचा खिळा. पात्याच्या बुडाशी कोरलं होतं, ‘रोस्टफ्राय’. पुढचे दोन महिने मी या ‘रोस्टफ्राय कंपनी’चा इतिहास शोधत होतो. शेवटी जर्मन शिकलेल्या भाचीने हसत सांगितलं, “मामा, याचा अर्थ ‘न गंजणारं’!” फ्रेंच वळणाच्या ‘इनॉक्स’चंही तेच. पात्यावर कोरलेलं प्रत्येक अक्षर म्हणजे कंपनीचं नाव नव्हे, ही माझी पहिली फी.

दुसरी फी जरा महाग पडली. कंपनीचं नाव ओळखलं म्हणजे वस्तू ओळखली, असं मला वाटायचं. उदाहरणच द्यायचं तर श्रेड या कंपनीचं ‘टफ टूल’. न्यूयॉर्क राज्यातल्या एलनव्हिल गावात इम्पीरियल श्रेडचा कारखाना होता, तिथलं हे मल्टिटूल अजूनही जमवणाऱ्यांच्या मनात आहे. कारखाना २००४ साली बंद पडला, नाव विकलं गेलं आणि पुढे त्याच नावाने चीनमध्ये बनलेला माल येऊ लागला. चिनी माल वाईटच असतो असं मी म्हणत नाही. गॅन्झो, रॉक्सन, नेक्सटूल यांची काही मॉडेल्स हातात घेतल्यावर तोंड बंद होतं. पण जुन्या श्रेडचे पैसे मोजून नवा श्रेड घरी आणणं हा शुद्ध तोटा आहे. वेंगरचं उलट. स्विस सैन्याला चाकू पुरवणाऱ्या दोन घराण्यांपैकी हे एक. २००५ साली व्हिक्टोरिनॉक्सने ते विकत घेतलं आणि २०१३ मध्ये वेंगर नावाचे चाकू बंद करण्याचं जाहीर केलं. आज हे नाव बॅगांवर आणि घड्याळांवर दिसतं, त्यामुळे दुकानदारालाही कित्येकदा आपल्या टोपलीत काय पडलंय ते कळत नाही. तिथे गप्प बसून भाव विचारावा.

आता चुंबक. भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून स्टील पारखायची आपल्याकडे सवय आहे, चिकटलं की ‘हे स्टेनलेस नाही’. भांड्याच्या ‘३०४’ जातीच्या स्टीलला हे बऱ्यापैकी लागू पडतं. चाकूच्या पात्याला नाही. ४२०, ४४० या जातींचं पातं कडक करावं लागतं, आणि ते स्टेनलेस असूनही चुंबकाला चिकटतं. किंबहुना पातं चिकटलंच नाही तर मला शंका येते, कारण ते भांड्याच्याच पत्र्यातून कापलेलं असू शकतं आणि त्यावर धार टिकणार नाही. या एका गैरसमजापायी मी एक चांगलं अमेरिकन मल्टिटूल परत टोपलीत टाकलं होतं.

खोक्यावरच्या ‘अठरा कामं एकात’वर तर बोलायलाच नको. मुठीवर कोरलेली मोजपट्टी एक काम, दोरी ओवायचं भोक दुसरं. मी फक्त पक्कड बघतो. ती मिटून उजेडासमोर धरा. टोकं आधी भेटली पाहिजेत, आणि मागची बारीक फट मूठ दाबल्यावर मिटली पाहिजे. टोकं एकमेकांशेजारून सरकत असतील तर सांधा ढिला आहे किंवा जबडे मुळातच वाकडे घासलेत. मग पकडीतल्या तार कापायच्या धारांमध्ये कागदाची पट्टी धरा. स्वच्छ कापली तर ठीक, दुमडली तर दोन धारांत अंतर आहे. पोलादी तार कापून बघायचा मोह आवरा, अनोळखी पकडीला तिथे कायमचा खड्डा पडतो.

सांधा ढिला असला म्हणजे मल्टिटूल गेलं असं नाही. आधी बघा, तिथे स्क्रू आहे की रिव्हेट, म्हणजे ठोकून कायमची बसवलेली खीळ. चांदणीच्या आकाराचा टॉर्क्स स्क्रू असेल तर योग्य मापाचा बिट लावून पाव फेरापेक्षाही कमी फिरवा, उघडून-मिटून बघा, मग पुन्हा. चपटा स्क्रू-ड्रायव्हर घुसवून फिरवलात तर चांदणीचं डोकं गोल होतं आणि ते टूल पुढे कुणालाच उघडता येत नाही. रिव्हेट असेल तर हातोडी उचलू नका. ढिलाई घालवायला ठोकलेला रिव्हेट हमखास जास्त आवळला जातो आणि पाती रुतून बसतात. किमतीत ढिलाई धरा आणि तसंच ठेवा.

एसओजी कंपनीच्या ‘पॉवरप्लायर’ मल्टिटूलसारखी दातेरी चाकांची पक्कड असेल तर वेगळी गंमत होते. त्यात मुठी थेट पकडीला जोडलेल्या नसतात. मधल्या दात्यांमुळे हाताचा जोर वाढून जबड्यावर जातो. दात्यांत खिशातला कचरा, सुताचे धागे अडकतात, म्हणून मी एक उघडून साफ केली. जोडल्यावर एक मूठ पूर्ण मिटायची आणि दुसरी बोटभर बाहेर राहायची. आधी वाटलं मूठ वाकली. खरं कारण इतकंच, की मी चाकं एक दाता सरकवून बसवली होती. आता उघडण्याआधी समोरासमोरच्या दात्यांवर मार्करने ठिपका देतो आणि फोटो काढतो. पातळ वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडतो. पंखा बंद करून, हे सांगायला नको.

साफसफाईत आपल्या घरची विद्या सर्वात जास्त घात करते. चिंच, लिंबू, पितळेची पावडर, सगळं तांब्याच्या कळशीसाठी. जुन्या चाकूवरचा पातळ मुलामा यानेच उतरतो, आणि सांध्यात शिरलेलं आंबट पाणी आतून गंजवत राहतं. गंज असेल तिथे शिलाई मशीनचं तेल सोडा, रात्रभर ठेवा, सकाळी लाकडी टूथपिकने खरवडा. वरचा डाग शाळेतल्या खोडरबराने बराच जातो. पॉलिश पेपर लावून लख्ख करण्यात पहिलं काय पुसलं जातं? बुडाशी कोरलेली तीच अक्षरं, ज्यांच्यावरून टूलचं वय कळतं. खोबरेल तेलही नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे पुण्याच्या डिसेंबरात सकाळी चाकू उघडत नाही. शेंगदाणा तेल काही महिन्यांत चिकट राळेसारखं होतं.

धार लावायला सायकलवाल्या धारवाल्याकडे जुनं टूल देऊ नका. विळी-सुरीला त्याचा हात उत्तम असतो, पण फिरत्या दगडावर बारीक पातं क्षणात तापतं. कडेला निळसर-जांभळी झाक दिसली की तिथल्या पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला समजा, पुढे ती धार दोन दिवसही टिकत नाही. शिवाय पात्याचा आकार घटतो आणि ते मुठीत नीट बसत नाही. सपाट दगडावर, पाण्यात, हाताने, एवढंच.

आणि कातडी म्यान. नव्या माणसाला वाटतं, चाकू त्याच्याच म्यानात ठेवणं सर्वात सुरक्षित. चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनंही त्यात उरलेली असतात. मुंबई-कोकणच्या एका पावसाळ्यात म्यानाच्या शिवणीचा नक्षा पात्यावर गंजाने उमटलेला मी पाहिला आहे. म्यान वेगळं, टूल वेगळं, डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला एक नजर. जुन्या चाकूच्या मुठी सेल्युलॉइडच्या असतील, रंगीत आणि कासवाच्या पाठीसारख्या दिसणाऱ्या, तर त्यांना वेगळा डबा द्या. ते प्लास्टिक म्हातारपणी आम्लधर्मी वाफ सोडतं आणि शेजारच्या चाकूंनाही गंजवतं. मुठीवर बारीक तडे, जवळ कापरासारखा वास आणि फक्त त्याच चाकूच्या आसपास गंज, हे एकत्र दिसलं की दोष हवेचा नव्हे. असा चाकू उकळत्या पाण्यापासून आणि ज्योतीपासूनही लांब ठेवा, सेल्युलॉइड झटकन पेटतं.

परदेशात भेट म्हणून पाठवणाऱ्यांनी एक बघावं. ब्रिटनमध्ये सबळ कारणाशिवाय खिशात बाळगता येतो तो घडीचा चाकू, तीन इंचांपेक्षा लांब धार नसलेला, आणि उघडल्यावर खटक्याने अडकून न बसणारा. बहुतेक मोठ्या मल्टिटूलचं पातं खटक्याने अडकतंच. विमानाच्या केबिनमध्ये तर तीन इंचांचा वादही नको, टूल चेक-इन बॅगेतच टाका. मी एकदा विसरलो. आतल्या पक्कडीसह माझं लाडकं छोटं टूल विमानतळाच्या ट्रेमध्ये गेलं, आणि मागच्या रांगेतल्या आजोबांनी विचारलं, “केवढ्याचं होतं हो?”