हंगाम संपल्यावर हरणांचा माग काढताय? या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियातील हरणांच्या शिकारीचा शेवटचा हंगाम, म्हणजे चकमकीच्या बंदुकांचा, जानेवारीत संपतो. तेव्हापासून झाडांना पालवी फुटेपर्यंतचे आठवडे हे पुढच्या शरद ऋतूच्या तयारीचे खरे दिवस असतात. रान उघडे असते, गेल्या नोव्हेंबरच्या खुणा अजून पुसलेल्या नसतात, आणि आपल्या पावलांनी एखादे हरीण बिथरले तरी पुढचा हंगाम यायला सात-आठ महिने असतात. एवढ्या सोयीच्या काळात लोक नेमक्या त्याच त्या चुका का करतात, हे मला चौदा वर्षांनंतरही उलगडलेले नाही. त्यांतल्या बहुतेक मी स्वतः केलेल्या आहेत, त्यामुळे पुढचे लिखाण उपदेशापेक्षा कबुलीजबाबाच्या जवळचे आहे असे समजावे.

अलीकडे इथल्या मराठी मंडळींपैकी काही जण या छंदाकडे वळले आहेत. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचे दिवस संपले, आणि तिथे ते योग्यच होते. इथे मात्र शिकार परवान्याने, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येत चालते, आणि १९२० पासून टप्प्याटप्प्याने विकत घेतलेल्या पंधरा लाख एकरांहून अधिक स्टेट गेम लँड्स, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या सरकारी जमिनी, सर्वांना खुल्या आहेत. आपल्यापैकी कोणालाही ही विद्या आजोबांकडून मिळालेली नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. मात्र ती तीन व्हिडिओ आणि नकाशाच्या एका महागड्या ॲपच्या बळावर एका शनिवारात मिळावी, ही अपेक्षा मला दर वर्षी नव्याने थक्क करते.

फेब्रुवारीतले हरीण पाहून नोव्हेंबरची जागा ठरवणे

ही माझ्या मते सर्वांत महाग चूक आहे, कारण तिची किंमत आठ महिन्यांनी कळते. माझ्या तिसऱ्या वर्षी फेब्रुवारीत दीड फूट बर्फ पडला असताना मी हेमलॉकच्या सदाहरित सूचिपर्णी झाडांनी भरलेल्या एका दरीत उतरलो आणि हरखून गेलो. आठवडी बाजार उठल्यावर मैदान दिसावे तशी ती दरी खुरांनी तुडवलेली होती. जिकडे तिकडे लेंड्या, कुरतडलेल्या डहाळ्या आणि बर्फात उमटलेल्या बसण्याच्या जागा. मी दोन तास तिथे घालवून मचाणासाठी झाड निवडले, वाट आखली, आणि घरी येऊन ही जागा कोणालाही सांगायची नाही असे बायकोला बजावले, जणू ती उद्याच धनुष्यबाण घेऊन तिकडे निघणार होती. ऑक्टोबरच्या शेवटी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिळून मी त्या झाडावर सहा दिवस बसलो. खारी पुष्कळ दिसल्या आणि एकदा एक साळिंदर अगदी निवांतपणे खालून गेले. हरीण एकही दिसले नाही.

शेजारी राहणारे सत्तरीतले एक गृहस्थ मला या बाबतीत गुरुस्थानी आहेत. त्यांना मी ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी सांत्वन वगैरे न करता एवढेच विचारले, की त्या दरीत शिंगे घासलेले एक तरी झाड दिसले होते का. दिसले नव्हते, आणि खरे तर मी शोधलेही नव्हते.

पांढऱ्या शेपटीचे हरीण हिवाळ्यात वेगळे जगते. हेमलॉकचा दाट पर्णसंभार बर्फ आणि वारा अडवतो, म्हणून खोल बर्फात हरणे तिथे गोळा होतात किंवा ऊन लागणाऱ्या दक्षिणेकडच्या उतारांवर बसतात, कोवळ्या डहाळ्या आणि कळ्या खातात आणि शक्य तितकी कमी हालचाल करतात. शरदात त्यांना यातल्या कशाचीच गरज नसते. तेव्हा पांढऱ्या ओकची फळे पडत असतात, ती कमी कडवट असल्याने आधी संपतात, आणि लाल ओकची कडवट फळे मागे उरून हिवाळ्यात उपयोगी पडतात. नोव्हेंबरच्या मध्यावर माजावर आलेले नर माद्यांच्या मागे असतात आणि माद्या अन्नाच्या आसपास. माझ्या दरीत ओकचे एक झाड नव्हते. पुढच्या एप्रिलमध्ये मी त्याच डोंगरावर पाऊण मैल वर चढून गेलो, तेव्हा लॉरेलच्या झुडपांच्या कडेने शिंगे घासलेल्या अकरा झाडांची रांग सापडली. ती सगळी माझ्या सहा दिवसांच्या उपासाच्या वेळी ताजी असणार.

म्हणून माझी सवय अशी आहे, की वहीत कोणतीही खूण लिहिताना तिच्यापुढे ती कोणत्या महिन्याची आहे हे लिहितो, आणि महिना सांगता आला नाही तर ती खूण लिहीतच नाही. बर्फावर पडलेल्या लेंड्या हिवाळ्याच्या आहेत आणि त्या मला नकोत. इथे ज्याला ‘रब’ म्हणतात ते, म्हणजे नराने शिंगांनी साल सोललेले झाड, हा तारीख घातलेला कागद असतो, कारण शिंगे घासण्याचे काम सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्याच काळात चालते आणि हिवाळ्यात तर शिंगेच गळून पडतात. गेल्या शरदातला रब मार्चमध्येही फिकट, उघड्या लाकडासारखा दिसतो, तर त्याआधीचे राखाडी पडलेले असतात आणि त्यांच्या कडांना साल भरून आलेली असते. एकाच झाडावर दोन-तीन वर्षांचे व्रण सापडले, तर मी तिथे बसून डबा खातो, कारण अशी जागा सहसा एकाच नराच्या लहरीवर अवलंबून नसते. मनगटाएवढ्या रोपट्याला लहानमोठा कोणताही नर शिंगे घासतो, मांडीएवढ्या झाडाशी मात्र सहसा मोठाच झुंजतो. ‘स्क्रेप’, म्हणजे नराने खुरांनी उकरलेली ओलसर जमीन, तोपर्यंत पाचोळ्याने झाकलेली असते, पण तिच्यावर हरणाच्या तोंडाच्या उंचीला आलेली, चावून मोडलेली फांदी तशीच लोंबत असते. नवशिके जमिनीकडे पाहत चालतात आणि ती फांदी थेट त्यांच्या कपाळावर आपटते.

बर्फ वितळल्यावरचा पहिला आठवडा मला सर्वांत प्रिय आहे. पाचोळा दाबून सपाट झालेला असतो आणि शरदातल्या वाटा त्यात बुजलेल्या चरांसारख्या उमटून दिसतात. ताज्या बर्फात माग काढणे अधिक सोपे आणि अधिक रोमांचक असते हे मला मान्य आहे, मात्र ते हरीण आज कुठे आहे एवढेच सांगते.

हरणे शोधणे आणि माणसे विसरणे

सार्वजनिक जमिनीवर हरणाच्या वागण्याला ओकच्या फळांइतकाच आकार देणारा घटक म्हणजे आपणच. २०१९ पासून रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या, शनिवारी सुरू होतो. त्या पहाटे वाहनतळावर गाड्या मोजल्या तरी पुढचे दोन आठवडे हरणे कुठे नसतील याचा अंदाज येतो.

माझी समजूत अशी होती, की जितके खोल जावे तितकी माणसे कमी आणि हरणे जास्त. एका वर्षी त्या शनिवारी मी पहाटे चार वाजता कपाळावर दिवा लावून दोन मैल चालत गेलो आणि उजाडल्यावर पाहतो तो माझ्या दृष्टीच्या टप्प्यात नारिंगी जाकिटे घातलेले चार जण बसले होते. त्यांचीही समजूत तीच होती. त्या हंगामानंतर, मार्चच्या एका दुपारी, केवळ पाय दुखत होते म्हणून मी वाहनतळाच्या मागच्याच झुडपांत शिरलो. बऱ्याच वर्षांपूर्वी तिथली झाडे तोडली होती आणि आता ग्रीनब्रायरच्या काटेरी वेली आणि ॲस्पेनची पोरे यांनी ती जागा इतकी गच्च भरली होती, की मला काही ठिकाणी रांगावे लागले. रस्त्यापासून तीनशे यार्डही नसलेल्या त्या जाळीत पाचोळ्यात दबलेल्या बसण्याच्या जागा होत्या. एक चार फुटांची, एकटी, आणि तिच्याभोवती ताजे रब. तिथे बसून समोर पाहिले तेव्हा फांद्यांच्या फटींतून माझी स्वतःची गाडी दिसत होती. तो नर हंगामभर आमच्या गाड्यांची दारे ऐकत, आम्ही सगळे डोंगरात चढून जाईपर्यंत तिथेच पडून राहत असणार.

तेव्हापासून मी आधी माणसांचा माग काढतो आणि मग हरणांचा. अंधारात वाट सापडावी म्हणून झाडांना टोचलेल्या चमकत्या टाचण्या, रंगीत फिती, छाटलेल्या फांद्या, रिकामी काडतुसे, कॉफीचे पेले, हे सर्व नकाशावर लाल शाईने जाते. गेम लँड्सवरची मचाणे शेवटच्या हंगामानंतर दोन आठवड्यांत उतरवावी लागतात, म्हणून जानेवारीच्या शेवटी एक फेरी मी केवळ इतरांची मचाणे पाहण्यासाठी मारतो. लाल खुणा संपल्यावर नकाशावर जे कोरे तुकडे उरतात, तिकडे मी जातो. मग तो तुकडा दलदलीपलीकडे असो, की रस्त्याला लागून असल्यामुळे कोणाच्या लक्षातच न आलेला असो. ओळखीच्या एका तरुणाला मी हे सांगितले तेव्हा त्याने विचारले, की ही माणसांची माहिती कुठल्या ॲपमध्ये मिळते.

फोनवरचा वारा आणि डोंगरातला वारा

त्या जाळीची गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्या वर्षी मी तिच्या वरच्या अंगाला उतारावर बसलो, कारण फोनवर वारा पश्चिमेचा होता आणि हिशोबाने माझा वास जाळीपासून दूर जायला हवा होता. गाड्या आल्या, दारे आपटली, माणसे वर गेली, आणि वीस मिनिटांनी जाळीतून फुस्स असा आवाज आला, पांढरी शेपटी उभी राहिली आणि सारे आटोपले. सूर्योदयापूर्वीची थंड, जड हवा पाण्यासारखी उताराने खाली वाहते. ऊन तापल्यावर ती वर चढू लागते. फोनला पश्चिम माहीत होती, उतार माहीत नव्हता.

त्यामुळे हंगामानंतर फिरताना मी प्रत्येक संभाव्य जागी पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा मिल्कवीडच्या बोंडातला कापूस सोडून पाहतो. हे आपल्या रुईच्याच कुळातले झाड, आणि लहानपणी ज्यांच्यामागे धावलो त्या म्हाताऱ्या याही झाडाच्या उडतात. म्हातारी सुरुवातीला एका दिशेने जाते, वीस पावलांवर घळीत वळते आणि मग भलतीकडेच निघून जाते. तिची वाट वहीत काढून ठेवावी. हे काम कंटाळवाणे आहे, म्हणून कोणी करत नाही.

नकाशावाचनाबद्दल मात्र सह्याद्रीत भटकलेल्या वाचकांना फार सांगावे लागू नये. धार, सोंड, खिंड आणि पदर ज्याला पायांनी कळतात, त्याला ॲपॅलेशियन डोंगरही लवकर कळतात. उतारावरून आडवे जाणारे हरीण माणसासारखेच पदर, म्हणजे उतारावरची सपाट पायरी, पकडते आणि खिंडीतून डोंगर ओलांडते. वाऱ्याच्या आडोशाच्या उतारावर, माथ्यापासून साधारण एक तृतीयांश खाली, नर बसण्याची जागा अनेकदा सापडते. तिथे पोहोचल्यावर लगेच नकाशात खूण टोचून पुढे पळू नये. हरणाच्या जागी खाली बसावे आणि त्याला काय दिसते, काय ऐकू येते ते पाहावे.

राहिलेल्या चुका, थोडक्यात

एका दिवसात एकशे चाळीस खुणा टोचलेला नकाशा मला अभिमानाने दाखवण्यात आला आहे. त्यातल्या कोणत्या पाच महत्त्वाच्या, हे सांगता आले नाही. मार्चमध्ये दोनशे यार्ड दिसणारी जागा ऑक्टोबरच्या सुरुवातीला तीस यार्ड दिसते, म्हणून पाने आल्यावर निवडलेल्या झाडाशी पुन्हा एकदा जाऊन यावे. गळलेले शिंग सापडले तर आनंद मानावा, पण ते नर हिवाळ्यात कुठे होता एवढेच सांगते. ते शोधण्यासाठी खोल बर्फात हरणांना पुन्हा पुन्हा उठवणे मला क्रूरपणाचे वाटते, कारण त्या दिवसांत ती साठवलेल्या चरबीवर जगत असतात. मी बर्फ जाईपर्यंत शिंगांच्या नावाने घराबाहेर पडत नाही. रानात झाडांवर लावायचे दहा कॅमेरे विकत घेण्याआधी चांगले बूट घ्यावेत.

मेलेले हरीण आढळल्यास उघड्या हातांनी शिवू नये. या राज्यात २०१२ पासून हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ हा त्यांना झिजवून मारणारा मेंदूचा रोग आढळत आहे, आणि त्यासाठी आखलेल्या रोगव्यवस्थापन क्षेत्रांतून डोके व पाठीचा कणा यांसारखे भाग बाहेर नेण्यास मनाई आहे. हद्द ओळखायला शिकावे: गेम लँड्सच्या सीमेवरील झाडांना पांढरा रंग लावलेला असतो, तर २०२० पासून राज्याच्या बहुतेक भागांत जांभळा पट्टा म्हणजे खासगी जमीन आणि प्रवेश बंद. ‘ॲपमध्ये तर माझा ठिपका आतच होता’ हे कारण जमीनमालकाला पटत नाही.

शेवटी गोचीड. थंडीत गोचिडी नसतात हा समज मी दर वर्षी खोडून काढतो. लाइम रोग पसरवणारी काळ्या पायांची गोचीड तापमान गोठणबिंदूच्या वर गेले की फेब्रुवारीतही हिंडते, आणि या रोगाच्या रुग्णसंख्येत पेनसिल्व्हेनिया देशात वरच्या क्रमांकांवर असते. विजार मोज्यांत खोचावी, कपड्यांना पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावावे, घरी आल्यावर कोरडे कपडे दहा मिनिटे ड्रायरमध्ये कडक उष्णतेवर फिरवावेत, आणि गुडघ्यांच्या मागे, काखेत व केसांत घरातल्या कोणाकडून तरी नीट पाहून घ्यावे. आमच्याकडे हे काम, जागा गुप्त ठेवण्याची शपथ घेतलेली बायकोच करते, आणि दर वेळी एखादी सापडतेच.