पुणे ते बंगळुरू, टबातले क्लाउनफिश

बिऱ्हाड बंगळुरूला हलवलं तेव्हा नवी टाकी लागायला पंधरा दिवस होते. तोवर दोन क्लाउनफिशसाठी (हे खाऱ्या पाण्यातले मासे) शंभर लिटरचा प्लॅस्टिकचा टब, हीटर आणि जुन्या टाकीतला स्पंज फिल्टर. स्पंज ओलाच आणला, त्यातले अमोनिया पचवणारे जिवाणू जगायला हवेत. निघण्याआधी दोन दिवस माशांना खाणं बंद.

घात दगडांनी केला. लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि बारीक जीव वसलेले टाकीतले दगड, चौदा तास बंद बादलीत, हवेविना राहिले. त्यांवरचे जीव मेले. तसेच टबात टाकले. सकाळी मासे पाण्याच्या वरच्या थरात, कल्ले भराभर हलताहेत. अमोनियाच्या टेस्टची नळी हिरवी, म्हणजे मेलेले जीव कुजून पाण्यात अमोनिया झालेला. खाऱ्या पाण्याचा पीएच जास्त, त्यामुळे अमोनिया तिथे जास्त जहरी.

दगड लगेच बाहेर काढले आणि पंप लावून वेगळ्या बादलीत ठेवले. रात्रीच कालवून ठेवलेलं मिठाचं पाणी (घनता १.०२५, तापमान २६ अंश) होतं म्हणून निम्मं पाणी तासाभरात बदलता आलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. चौथ्या दिवशी नळी पिवळी, म्हणजे अमोनिया गेला, आणि मोठी मादी हीटरच्या मागे जाऊन निवांत झोपली होती. दगडांची बादली मात्र तीन आठवडे वेगळीच ठेवली.