बर्फघर: हिवाळ्यातला बर्फ उन्हाळ्यापर्यंत कसा टिकवायचा

थंड हवा जड असते. खोलगट जागेत ती पाण्यासारखी साचून राहते. स्लोव्हाकियातल्या दोब्शिन्स्का गुहेचं तोंड वर आहे आणि पोट खाली. हिवाळ्यात थंडी आत उतरते, उन्हाळ्यातली गरम हवा हलकी असल्याने वरच राहते, म्हणून आतला बर्फ वर्षभर टिकतो. इराणी यखचालांत (बर्फ साठवायच्या जुन्या इमारतींत) खड्ड्यावर मातीचा जाड घुमट उभारून हेच साधलेलं दिसतं. (इग्लूत नियम तोच, पण उलटा लावलेला: वाट खाली, झोपायचा ओटा वर, कारण तिथे ऊब कोंडायची असते.)

जागा सावलीची, उंचवट्यावरची आणि निचऱ्याची निवडा. दार उत्तरेला ठेवा (दक्षिण गोलार्धात दक्षिणेला). बर्फाचा ढीग फार लहान करू नका. 1 मीटर बाजूच्या घनाला 6 चौरस मीटर पृष्ठभाग असतो. 3 मीटरच्या घनाला 54 चौरस मीटर, पण त्यात बर्फ 27 पट मावतो. म्हणजे दर घनमीटरमागे उघडी बाजू एक तृतीयांशच उरते, आणि वितळणंही त्याच मानाने घटतं. असा ढीग सुमारे 25 टनांचा होतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या तळाशी. वितळलेलं पाणी साचलं की ते बर्फ खालून खात जातं, म्हणून आधी दगडगोट्यांचा थर, त्यावर 30 सेंटीमीटर कोरडा लाकडी भुसा आणि एका बाजूला निचऱ्याची नळी द्या. नळीला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक हवाच. बाकात पाणी उभं राहिलं की हवेची वाट बंद होते. सरळ नळी ठेवली तर जड थंड हवा खालून गळून जाते आणि तिची जागा घ्यायला वरून गरम हवा येते. भिंती कितीही जाड केल्या तरी ही गळती त्यांनी थांबत नाही.

तळ्यावरच्या बर्फाच्या लाद्या कडक थंडीतच कापा आणि त्याच दिवशी भरा. 50 × 50 × 30 सेंटीमीटरची लादी जवळपास 69 किलो भरते, याहून मोठी हाताळणं अवघड. सगळ्या लाद्या एकाच मापाच्या हव्यात, म्हणजे त्या एकमेकींना घट्ट बसतात. फटींत बर्फाचा चुरा ठासा, भुसा नको. बर्फ आणि भिंत यांच्यात चहूबाजूंनी 30 सेंटीमीटर भुसा आणि वर त्याहून थोडा जास्त घाला. छपराखाली मात्र वारा खेळता ठेवा, नाहीतर दमट हवेचं पाणी होऊन भुशावर ठिबकतं. ओला भुसा उष्णता सरळ आत सोडतो, तो काढून कोरडा घालावा लागतो.

दाराच्या चौकटीत आडव्या फळ्या एकावर एक बसवा. बर्फ उतरेल तशी वरची एकेक फळी काढता येते. बर्फ पहाटे काढा, वरच्या थरातून आणि एका कडेपासून सुरुवात करून. मध्ये खड्डा पाडला की उघडी बाजू वाढते. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला आत डोकावा. भुसा खचतो, कडेला पोकळ्या पडतात, त्या तिथल्या तिथे ठासून भरा.

0 अंशाचा एक किलो बर्फ वितळायला सुमारे 334 किलोज्यूल उष्णता लागते. तेवढ्यात तेवढंच पाणी 0 वरून 80 अंशांवर गेलं असतं. म्हणून शेजारच्या कप्प्यात दूध, लोणी, भाज्या चांगल्या राहतात. मांस महिनोन्‌महिने गोठवून ठेवायचं तर मात्र हे घर कामाचं नाही, कारण वितळता बर्फ शून्याखाली जाऊच शकत नाही. त्यासाठी अलास्कातल्यासारखी कायम गोठलेल्या जमिनीत खणलेली तळघरं लागतात. तळ्याचा बर्फ पेयात टाकू नका, भांडं त्यावर ठेवून गार करा.