सगळी खाती एका ॲपमध्ये आणण्याआधीची तयारी

बँका, ठेवी, म्युच्युअल फंड सगळं एका स्क्रीनवर बघायचं असेल तर ॲप कोणतं घ्यायचं हे शेवटी ठरवा. आधी बघा, कोणत्या खात्याला तुमचा कोणता मोबाईल नंबर जोडलेला आहे. मागच्या वेळी मी एवढंच बघितलं नव्हतं, आणि अर्धी खाती यादीत आलीच नाहीत.

कारण साधं आहे. ही ॲप्स बहुतेक अकाउंट ॲग्रीगेटरमार्फत, म्हणजे तुमच्या संमतीने बँकेकडची माहिती ॲपपर्यंत पोचवणाऱ्या मधल्या कंपनीमार्फत, माहिती आणतात. रिझर्व्ह बँकेने त्याचे नियम २०१६ मध्ये केले, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये मोठ्या बँका त्यात आल्या. ॲग्रीगेटर बँकेला विचारतो तो मोबाईल नंबरवरून: या नंबरवर कुठली खाती आहेत? बँकेकडे तुमचा जुना नंबर असेल तर उत्तर येतं, एकही नाही. तुम्ही ॲपला दोष देता, पुन्हा इन्स्टॉल करता, आणि खातं काही सापडत नाही.

म्हणून एका कागदावर सगळी खाती लिहा. पगाराचं, जुन्या नोकरीतलं, मुदत ठेवी, डीमॅट, फंडांचे फोलिओ म्हणजे फंडातली खाती. एखादं विसरलं असेल असं वाटत असेल तर आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण म्हणजे एआयएस उघडा. कोणत्या बँकेने किती व्याज दिलं ते तिथे बँकेच्या नावासकट येतं, आणि पडून राहिलेलं खातं तिथे बऱ्याचदा सापडतं. दहा वर्षं हात न लावलेली रक्कम असेल तर रिझर्व्ह बँकेच्या उद्गम पोर्टलवर शोधा. फंडांसाठी कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांचं एकत्रित स्टेटमेंट पॅनवर मागवता येतं.

आता त्या कागदावर प्रत्येक खात्यापुढे नंबर लिहा. आठवणीतून लिहू नका, तपासून लिहा. शेवटचा ओटीपी कुठल्या सिमवर आला होता? एकाच बँकेत दोन ग्राहक क्रमांक असू शकतात. बचत खातं एकावर, कित्येक वर्षांपूर्वी दुसऱ्या शाखेत केलेली ठेव दुसऱ्यावर, आणि त्या दुसऱ्यावर अजून जुनाच नंबर. शाखेत एका खात्याचा नंबर बदलला की सगळीकडे बदलला, असं धरून चालू नका. काउंटरवर स्पष्ट विचारा, "माझ्या नावावर एकूण किती ग्राहक क्रमांक आहेत?" दोन निघाले तर ते एकत्र करण्याचा अर्ज तिथेच द्या. फोलिओचंही तसंच आहे, प्रत्येकाला वेगळा नंबर आणि वेगळा ईमेल असू शकतो.

आणि हे नुसतं यादीपुरतं नाही. बंद केलेला नंबर किमान ९० दिवस थांबवून कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचे ओटीपी अनोळखी माणसाच्या फोनवर जातात. जुना नंबर कुठल्याही खात्याला राहू देऊ नका. ॲप घ्या किंवा घेऊ नका, हे आजच करा.

केवायसी, पॅन, आधार: असतंच, पुढे चला.

नंबर बदलल्याचा मेसेज बँकेकडून आल्याशिवाय ॲप उघडू नका. अर्ज दिला म्हणजे नंबर बदलला असं होत नाही.

आता ॲप. नेट बँकिंगचा पासवर्ड मागणारं असेल तर तिथेच बंद करा. ॲग्रीगेटरला पासवर्ड लागत नाही, आणि तुमची माहिती त्याला वाचताही येत नाही, ती बंद पाकिटासारखी त्याच्याकडून पुढे जाते. मात्र ज्या ॲपला ती मिळते ते वाचतं. म्हणून संमतीच्या पानावर घाई नको: कशासाठी, किती काळ, किती वेळा आणि कुठल्या तारखेपासूनची माहिती, चारही ओळी वाचा. खर्च बघायला वर्षभराची संमती पुरते.

संयुक्त खातं यादीत दिसेलच असं नाही. सोनं, रोकड, कुणाला दिलेले उसने पैसे हाताने भरा. भविष्य निर्वाह निधी दिसला नाही तर यूएएनच्या (पीएफच्या कायम क्रमांकाच्या) पासबुकातून आकडा घ्या.

खातं दिसत नाहीये? पुन्हा नंबर बघा. आधी नंबर, मग तक्रार.

पहिल्या महिन्यात एकच गोष्ट दुरुस्त करा: क्रेडिट कार्डाचं बिल आणि आपल्याच एका खात्यातून दुसऱ्यात हलवलेली रक्कम खर्चात धरली जाते का. धरली असेल तर ती 'स्वतःचे हस्तांतरण' मध्ये टाका, नाहीतर तोच खर्च दोनदा मोजला जातो. महिन्याअखेर एक्सेलमध्ये उतरवून ठेवा, ॲप बंद पडलं तर नोंदी जातात.

ॲप नको झालं तर नुसतं काढून टाकू नका. संमती चालूच राहते. आधी ॲग्रीगेटरच्या स्वतःच्या ॲपमध्ये जाऊन ती रद्द करा, मग ॲप काढा.