जुना पितळी मायक्रोस्कोप घरी आलाय? आधी या चुका टाळा

माझा पहिला व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातला इंग्रजी मायक्रोस्कोप मीच नासवला, तोही एका दुपारीत. पितळ काळपट दिसत होतं, म्हणून समईला करतो तेच केलं: चिंच, मीठ आणि वर चिमूटभर रांगोळी. संध्याकाळी तो लखलखत होता. एका जुन्या संग्राहकाने तो हातात घेतला, उजेडात फिरवला आणि एवढंच विचारलं, "लाख कुठे गेली?"

त्या काळचे लंडनचे कारागीर पितळ नुसतं घासून सोडत नसत. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, तीत थोडा रंग, असा पातळ थर ते गरम पितळेवर चढवत. आपल्याला दिसतो तो मधासारखा सोनेरी रंग त्या थराचा असतो, पितळेचा नव्हे. तो एकदा गेला की उघडं पितळ आपल्या दमट हवेत बघता बघता काळवंडतं आणि संग्राहकाच्या लेखी किंमतही उतरते. घासणं तर नकोच, पण स्पिरिट, सॅनिटायझर आणि थिनरही नकोत, कारण लाख स्पिरिटमध्येच विरघळते. मऊ ब्रशने धूळ काढा, जेमतेम ओलसर सुती फडक्याने पुसा, लगेच कोरडं करा. हात लागून लागून पडलेले तपकिरी डाग राहू द्यात. शंभर-दीडशे वर्षं माणसांनी तिथेच धरलंय.

चाक फिरत नाही

जोर लावू नका. हे चाक ज्या दातेरी पट्टीवर फिरून नळी वर-खाली करतं, तिच्यावरचं जुनं ग्रीस सुकून हिरवट मेणासारखं झालेलं असतं. जोर लावलात तर दाते तुटतात आणि त्या मापाची पट्टी बाजारात मिळत नाही. पांढऱ्या पेट्रोलचा थेंब टूथपिकला लावून ग्रीस थोडं थोडं काढा, पण आधी न दिसणाऱ्या जागी लाखेवर चाचणी घ्या. उलट तक्रारही असते, नळी आपोआप खाली घसरते. चाकाच्या मागच्या ठोकळ्याचे स्क्रू पाव फेरा आवळले की बहुतेक वेळा ती थांबते. स्क्रूड्रायव्हर खाचेत नेमका बसणारा घ्या. विद्रूप झालेल्या खाचा बघितल्या की माझा जीव जळतो.

वस्तुभिंग बसत नाही

वस्तुभिंग म्हणजे नळीच्या खालच्या टोकाला, वस्तूजवळ बसणारं भिंग. त्याच्या आट्यांचं एक माप लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ मध्ये ठरवलं: ०.८ इंच व्यास, इंचाला ३६ आटे. आजही पुष्कळ वस्तुभिंगांना तेच माप असतं. त्याआधी मात्र ज्याचा त्याचा आटा वेगळा होता. म्हणजे १८४५ च्या यंत्रावर १८७५ चं भिंग जात नसेल तर त्यात बिघाड काहीच नाही, जोडी चुकली आहे. बसवताना आधी उलट दिशेला हळूच फिरवा. 'टिक' असं काहीतरी बोटांना जाणवतं, तिथून सरळ फिरवा. पितळ मऊ असतं, वाकडा आटा एकदा पडला की पडलाच.

भिंगावर कोरलेला ¼ हा आकडा भिंगाच्या रुंदीचा नाही आणि पटीचाही नाही. ते इंचातलं केंद्रांतर (फोकल लेंग्थ) आहे. १० इंची नळीवर ¼ इंचाचं भिंग साधारण ४० पट मोठं दाखवतं. भिंगाच्या पितळी डबीच्या झाकणावरही आकडा कोरलेला असतो. विकत घेताना दोन्ही आकडे जुळतात का बघा, कारण डब्यांची अदलाबदल फार झालेली असते.

दोन नळ्यांपैकी एक अंधारी

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळते आणि बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असतं. दोन्ही डोळ्यांनी बघायची ही दोन नळ्यांची रचना फ्रान्सिस वेनमने १८६० च्या सुमारास काढली. वस्तुभिंगाच्या लगेच वर एक छोटा प्रिझम बसतो. भिंगातून येणारा अर्धा प्रकाश तो दोनदा वळवून तिरक्या नळीत पाठवतो, उरलेला अर्धा सरळ नळीतून वर जातो. हा प्रिझम एका बारीक सरकत्या पट्टीत असतो. पट्टी बाहेर ओढलेली असेल तर तिरकी नळी पूर्ण अंधारी. ती पूर्ण आत असूनही दोन्हीकडे अर्धं अर्धं काळं दिसत असेल तर भिंग फार जोरदार आहे. ⅔ इंचाला ही रचना झकास चालते, ¼ इंचाला रडते. अशा वेळी पट्टी ओढा आणि सरळ नळीतून एका डोळ्याने बघा. त्या काळचे लोकही तेच करत. प्रिझम पुसायला आत बोट घालू नका.

सगळं धुरकट दिसतं

लगेच भिंगं खोलायला बसू नका. आधी नळीची लांबी बघा. इंग्रज कारागीर १० इंच धरून भिंगं घडवत, युरोपातले बरेचसे १६० मिलिमीटरच्या आसपास. १६० वालं भिंग लांब नळीला लावलं तर कमी ताकदीला चालून जातं, जास्त ताकदीला चित्रावर साय धरल्यासारखी दिसते. दुसरं कारण म्हणजे आच्छादक काचेची, म्हणजे नमुन्यावर ठेवलेल्या पातळ काचेची जाडी. अँड्र्यू रॉसने १८३७ मध्ये यावर तोडगा काढला: भिंगावरचं फिरतं कडं. ते फिरवलं की आतल्या भिंगांमधलं अंतर बदलतं. काचपट्टीवरचा एक धुळीचा कण शोधा आणि नळी किंचित वर-खाली करा. दोन्ही बाजूंना तो सारखाच विस्कटला तर कडं बरोबर आहे. एकाच बाजूला मोठं वलय दिसत असेल तर कडं किंचित फिरवा आणि पुन्हा बघा. कडं अडकलं असेल तर पक्कड नको, जाणकाराकडे द्या.

भिंगाच्या आत इंद्रधनुषी कडा किंवा नेचाच्या पानासारखी नक्षी दिसली तर दोन काचा चिकटवणारा कॅनडा बाल्सम सुटलाय. घरच्या घरी गरम करून बघणाऱ्यांची काच तडकल्याचं मी पाहिलंय.

खोक्यातलं फुटकळ सामान

ध्रुवण, म्हणजे प्रकाशलहरींचं एकाच दिशेत कंप पावणं, दाखवणारे निकोल प्रिझम लावल्यावर काहीच दिसलं नाही म्हणून ते फेकायला निघालेले गृहस्थ मला भेटलेत. दोनपैकी एक प्रिझम ९० अंश फिरवा, उजेड येतो. हे प्रिझम कॅल्साइटचे असतात, तांब्याच्या नाण्यानेही त्यावर ओरखडा उठतो. तेही बाल्समनेच जोडलेले असतात, म्हणून द्रावणात बुडवू नका.

वस्तुभिंगावर बसणारी चांदीची छोटी वाटी म्हणजे लीबरक्यून. अपारदर्शक वस्तूवर वरून प्रकाश पाडायला ती लागते. प्रकाश खालच्या आरशातून वस्तूच्या कडेने वर जाऊन वाटीवर आदळतो, म्हणून वस्तू लहान हवी आणि तिच्याखाली काळा ठिपका हवा. अख्खी काळी पट्टी ठेवली तर सगळा प्रकाश अडतो. वाटी घासू नका. आणि छिद्रं व खाचा असलेली ती लांबट पितळी पट्टी? तिच्यावर बेडूक बांधून त्याच्या पायाच्या पडद्यातलं रक्ताभिसरण बघत असत.

वस्तूवर उजेड एकवटायला वेगळ्या स्टँडवर दिलेलं जाड फुगीर भिंग उन्हात, खिडकीपाशी ठेवू नका. पडद्याला आग लागू शकते. आरसाही थेट सूर्याकडे नको, डोळा जाईल. पांढरा एलईडी दिवा, त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपरचा तुकडा, एवढं पुरतं.

पावसाळ्यात महॉगनीचं खोकं बंद करून ठेवणं ही मुंबई-कोकणातली हमखास चूक. आत ओल धरते आणि भिंगावर बुरशीचं जाळं चढतं, तेही काचेत खड्डे पाडत. जूनच्या आधी भिंगं डब्यांसकट काढून सिलिका जेलबरोबर हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. खोकं कपाटात, दार किंचित उघडं.